पाहुण्यांची भिंत

पाहुण्यांनी पहिली वीट ठेवली तेव्हा सहदेव मिस्त्रीच्या डोक्यावर सिमेंटच्या मालाचं घमेलं होतं. सत्तावीस वर्षं त्याने दुसऱ्यांच्या डोक्यावर घमेली दिली होती. आज तो स्वतःच बिगारी होता आणि वीट ठेवणारी होती डेन्मार्कहून आलेली हाना नावाची बाई. तिने वीट पालथी ठेवली, खाच खाली करून. सहदेवने पाहिलं, जीभ टाळूला लावली आणि घमेलं रिकामं करून माघारी फिरला.

धामणखेडच्या शाळेची आवारभिंत मागच्या पावसाळ्यात नाल्याच्या बाजूने सोळा फूट पडली होती. ते काम सहदेवलाच मिळणार हे गाव धरूनच चाललं होतं. सहदेवने तर जाऊन माप घेतलं होतं, विटा मोजल्या होत्या आणि बायकोला, कौसल्येला, यंदा हरभरा सोंगायला दुसऱ्याच्या शेतात जाऊ नको असं सांगूनही टाकलं होतं. पुढे अमरावतीच्या एका संस्थेने शाळा निवडली. या संस्थेमार्फत दर हिवाळ्यात परदेशातले लोक खेड्यातल्या शाळेत यायचे, तीन आठवडे स्वतःच्या हाताने काम करायचे आणि जाताना काही पोरापोरींच्या शिक्षणाचा खर्च उचलायचे. माणसं भली होती. त्यांच्या भलेपणात सहदेवचं काम गेलं, एवढंच.

संस्थेचा ललित नावाचा माणूस सगळी व्यवस्था पाहायचा. तिशीतला, गळ्यात ओळखपत्र, बोलणं मऊ. त्याने सहदेवला आदल्या दिवशी बाजूला घेतलं होतं.

"सहदेवभाऊ, तुम्ही फक्त माल द्यायचा. थापीला हात लावायचा नाही. हे लोक स्वतःचं तिकीट काढून हाताने काम करायला येतात. तुम्ही शिकवायला गेलात तर त्यांचं मन मोडते."

"पायाचं बोलायचं होतं," सहदेव म्हणाला. "दोनच फूट खंदला. मुरूम लागला नाही अजून."

"तीन आठवड्यांत जेवढं होईल तेवढं. आणि पौर्णिमाचं नाव यादीत आहे, हे ध्यानात ठेवा. यादी माझ्याकडूनच जाते. मागच्या साली एका पोराने भाऊ नोकरीत असल्याचं लपवलं, त्याचं नाव कापलं गेलं. या लोकांना खोटं अजिबात खपत नाही."

सहदेवने मान हलवली. पौर्णिमा त्याची धाकटी पोरगी, बारावीला होती. थोरली अपेक्षाही हुशारच होती. तिला अकोल्यात नर्सिंगला जागा मिळाली होती, पण सरकारी शिष्यवृत्ती वर्ष सरल्यावर यायची आणि होस्टेलवाल्यांना पैसे आधी लागायचे. दिवाळीनंतर एक दिवस अपेक्षा गादी गुंडाळून बसने घरी आली. आता ती नांदगाव पेठेत कपड्याच्या कारखान्यात दिवसभर उभी राहून पँटींना बटणं लावत होती. पोरगी कमावते म्हणून लोक सहदेवचं कौतुक करायचे आणि त्याला ते ऐकवत नसे. पौर्णिमाच्या बाबतीत त्याने मनाशी एवढंच ठरवलं होतं की तिची गादी अर्ध्यात माघारी येऊ द्यायची नाही.

म्हणून तो घमेली वाहत राहिला.

घमेलं वाहायचं वय गेलं होतं. दोन दिवसांतच मान आखडली. गुडघ्यात आवाज यायला लागला. बोटांची टोकं सिमेंटने पूर्वीच खाल्ली होती, त्यांवर आता नव्या चिरा पडल्या. संध्याकाळी कौसल्या खोबरेल तेल कोमट करून त्याच्या बोटांना लावायची. तीही दिवसभर हरभरा उपटून आलेली असायची आणि हरभऱ्याच्या पानांवरच्या आंबट आंबेने तिचे हात सोललेले असायचे. दोघं एकमेकांचे हात पाहत.

"गावातली लोकं हासून राहिली," एकदा ती म्हणाली. "मिस्त्रीले बिगारी केलं म्हने."

"हासू दे. तीन आठवडेच तं हायेत."

"अन् भिंत कशी हाय?"

सहदेवने यावर कूस बदलली.

भिंत कशी होती हे त्याला ओळंबा न लावताही दिसत होतं. पाहुणे अकरा जण होते. उन्हाने त्यांची नाकं सोलली होती, हाताला फोड आले होते, तरी सकाळी आठला यायचे आणि गाणी म्हणत विटा लावायचे. मेहनतीत कसूर नव्हती. पण विटेवर वीट अशी पडायची की सांध्यावर सांधा येत होता. चौथ्या थरापासून भिंत नाल्याच्या बाजूने झुकू लागली. सहदेव माल कालवता कालवता तिकडे पाहायचा आणि त्याच्या उजव्या हाताची बोटं आपोआप थापी धरल्यासारखी वळायची.

पौर्णिमाचं इंग्रजी गावात सगळ्यांत बरं. म्हणून क्लास सुटला की ती पाहुण्यांचं बोलणं गावाला आणि गावाचं पाहुण्यांना सांगायला यायची. हाना पन्नाशीची, तिकडे लहान पोरांना शिकवणारी. तिने पौर्णिमाला जीव लावला होता. स्वतःच्या डब्यातलं काढून द्यायची, तिच्या वह्या पाहायची. या पोरीचा खर्च मी उचलीन, असं ती ललितला म्हणाली होती.

दुसऱ्या आठवड्यात एक दिवस हाना थापी हातात घेऊनच सहदेवपाशी आली. तिने पौर्णिमाला विचारायला सांगितलं, तुझे वडील एवढे जुने मिस्त्री आहेत, त्यांना आमची भिंत कशी वाटते?

सहदेवने घमेलं खाली ठेवलं. आठ दिवसांत त्याला पहिल्यांदाच कुणी विचारलं होतं. त्याने डोक्याची चुंबळ काढली, तोंड पुसलं आणि मनापासून बोलला.

"सांग तिले, बाई, तुमचा हात चांगला हाय. शिकसान तं मिस्त्री होसान. पन भिंत दोन बोटं बाहीर गेली. सांध्यावर सांधा आला हाय. अन् पाया काळ्या मातीत हाय, मुरमापर्यंत गेला नाही. काळी माती पान्यानं फुगते, उन्हानं फाटते, थे भिंतीले उभं राहू देत नाही. अजून वेळ गेला नाही. वरचे थर उतरून घेऊ, पाया खाली नेऊ. म्या सांगतो तसं केलं तं तुमच्या नातवायले बी ही भिंत दिसंन."

पौर्णिमाने ऐकलं. चार पावलांवर ललित फोनवर बोलत उभा होता. बोलता बोलता तो थांबला होता आणि तिच्याकडे पाहत होता. तिने हानाकडे वळून इंग्रजीत सांगितलं, बाबा म्हणतात, फार छान.

हानाचा चेहरा एकदम फुलला. तिने सहदेवचे दोन्ही हात, सिमेंटसकट, आपल्या हातांत घेतले आणि डोळ्यांत पाणी आणून हलवले. सहदेव गोंधळून हसला. ती गेल्यावर म्हणाला, "म्या येवढं बोललो, अन् तुनं दोन शब्दात कसं सांगतलं?"

"इंग्रजीत कमी शब्द लागते, बाबा."

त्याला ते पटलं. पोरीला इंग्रजीत ऐंशी मार्क होते. आता हे लोक भिंत उतरवायला घेतील म्हणून तो दोन दिवस वाट पाहत राहिला. भिंत वरच चढत गेली. त्यांच्या देशात काही वेगळी रीत असेल, अशी त्याने मनाची समजूत घातली.

भिंत सात फूट झाली. तिला पाहुण्यांनीच गिलावा केला, पिवळा रंग दिला. मग एका दुपारी परातीत लाल-निळे रंग कालवून प्रत्येक पाहुण्याने आपला पंजा भिंतीवर उमटवला आणि खाली नाव लिहिलं. शाळेतली पोरंही रांगेने आली. हानाच्या पंजाला लागून पौर्णिमाचा पंजा होता. मंगळवारी याच भिंतीपुढे समारंभ होता. तिथेच शिष्यवृत्तीची नावं वाचायची, तिथेच सगळ्या पोरांना पाहुण्यांसोबत बसवून फोटो काढायचे.

भिंतीला सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं काम सहदेवचं होतं. सिमेंटला पाणी लागतं आणि काळ्या मातीला ते सोसत नाही. दोन फुटांच्या पायात पाणी उतरत होतं आणि खाली माती फुगत होती, हे त्याला कळत होतं. पाणी मारणारा तोच होता. गुरुवारी सकाळी जमिनीपासून हातभर उंचीवर त्याला केसाएवढी चीर दिसली. तो घरी गेला. कौसल्येचा आरसा मागेच फुटला होता, त्यातली बोटभर पट्टी त्याने आणली आणि सिमेंटचे दोन ठिपके देऊन चिरेवर आडवी चिकटवली. जुने मिस्त्री असंच करतात. भिंत जागची हलत नसेल तर काच तशीच राहते.

शुक्रवारी पहाटे पाहुणे दोन गाड्यांनी चिखलदऱ्याला गेले. रविवारी संध्याकाळी परतणार होते. शाळा भरायच्या आत सहदेव भिंतीपाशी आला तेव्हा काच मधोमध तुटलेली होती आणि दोन तुकड्यांत एक दाणा बसेल एवढी फट पडली होती.

त्याने ललितला फोन लावला. गाडीच्या आवाजात ललितचं बोलणं तुटक येत होतं.

"चीर बुजवून रंग मारा, सहदेवभाऊ."

"चीर वरची नाही, साहेब. भिंत चालून राहिली. म्या काच लावली होती, तुटली थे."

"मंगळवारपर्यंत हात लावू नका. ते लोक बुधवारी विमानात बसले की मग काय करायचं ते करा."

"मंगळवारी पोरं तिच्याच खाली बसनार हायेत."

"पंधरा मिनिटांचा फोटो आहे हो. अशुभ बोलू नका," ललित म्हणाला आणि रेंज गेली.

हेडमास्तर ट्रेनिंगसाठी अकोल्याला गेले होते. शाळेत दोन शिक्षिका आणि खिचडी शिजवणारी बेबीताई. दुपारी नेहमीप्रमाणे पोरं ताटल्या घेऊन भिंतीच्या सावलीत बसली. त्या आवारात दुसरी सावली नव्हती. सहदेव त्यांना उठवायला जाईपर्यंत वरच्या कडेचा गिलाव्याचा पोपडा सुटला आणि पहिलीतल्या एका पोरीच्या ताटलीत पडला. पोरगी रडली नाही. तिने पोपडा उचलून बाजूला ठेवला आणि खिचडीतले खडे निवडू लागली.

बेबीताई वाढायचा डाव हातात घेऊन पाहत राहिली. "मिस्त्री, पोपडा पडला म्हून बरं झालं. इट पडली असती तं?"

सहदेव घरी गेला, खणायची सब्बल घेतली, छन्नी-हातोडी घेतली आणि कौसल्येला म्हणाला, "चाल."

"कुठी?"

"भिंत उतरवतो. रविवारच्या रातीपर्यंत मुरमावर नेऊन उभी करतो. त्यायचे हात जशेच्या तशे बसवतो. त्यायले समजनार बी नाही."

"अन् समजलं तं?"

"तं काय, राग करतीन? त्यायच्या नावाची भिंत हाय. पडली तं नाव त्यायचंच जाईन न. पाहुन्याची चीज आपून धड करून दिली, तं पाहुना खूषच होते."

कौसल्येला ते फारसं पटलं नाही. तरी तिने पदर खोचला. नवऱ्याला उभ्या जन्मात एवढं निक्षून बोलताना तिने तीन-चार वेळाच पाहिलं होतं.

पहिलं काम पंज्यांचं. सहदेवने एकेका पंज्याभोवती छन्नीने चौकोन कापला, मागून पातळ पातं सारून गिलावा सुटा केला आणि भाकरी उतरवावी तसा दोन्ही हातांनी अलगद उतरवला. कौसल्येने जमिनीवर कुटाराचा मऊ भुसा पसरून ठेवला होता, त्यावर ती ते नावासकट मांडत गेली. चाळीसच्या वर पंजे होते. सहा-सात फुटले, त्यांत हानाचाही होता. तीन बोटं एका तुकड्यात आणि अंगठ्यासह तळवा दुसऱ्यात. सहदेवने दोन्ही तुकडे जुळवून पाहिले आणि पांढऱ्या सिमेंटने सांधीन असं म्हणून वेगळे ठेवले.

पौर्णिमा मूर्तिजापूरच्या क्लासवरून आली तेव्हा भिंत कंबरेइतकी उरली होती. ती फाटकातच थांबली. दप्तर खांद्यावरून घसरून कोपरावर आलं.

"बाबा, हे काय केलं तुमी?"

सहदेवने तिला काच दाखवली, पोपडा दाखवला.

"मंगळवार होऊ द्यायचा होता न, बाबा. चारच दिवस होते."

"अन् मंगळवारीच पडली असती तं? लेकराच्या ताटात पोपडा पडला आज."

"माह्यं नाव यादीत हाय, बाबा."

"म्हनूनच तं. ज्या बाईनं तुह्यं नाव घेतलं, तिच्या हातची भिंत पडू देऊ काय? अन् म्या तिले तवाच सांगतलं होतं न, पाया खाली न्या म्हून. तुनंच तं सांगतलं."

हानाला खरं काय सांगितलं होतं ते कबूल करायची वेळ हीच होती, आणि पौर्णिमाच्याने ते झालं नाही. तिने दप्तर कुटारावर ठेवलं, ओढणी कंबरेला बांधली आणि घमेलं उचललं.

शनिवारी दिवसभर तिघं खणत होती. वरची माती भुसभुशीत होती, पण तीन फुटांखाली ती ओली, चिकट लागली. फावड्याला चिकटून बसायची आणि हाताने ओढून काढावी लागायची. कौसल्या खाली, पौर्णिमा वर. दोरीने घमेलं ओढता ओढता पोरीच्या तळहाताचं कातडं निघालं. तिने चिंधी गुंडाळली. येणारे-जाणारे फाटकाशी थांबून पाहत. मदतीला कुणी आलं नाही, सगळीकडे हरभऱ्याची घाई होती. फक्त बेबीताईने दोन वेळा भाकरी आणून दिली.

रविवारी दहाच्या सुमारास सब्बल खणकन वाजली. कौसल्येने ओंजळीत पिवळा मुरूम घेऊन वर धरला. पाच फुटांवर लागला होता. सहदेवने खड्ड्यात उतरून टाचेने दाबून पाहिला. तीन दिवसांत तो पहिल्यांदा हसला. मग त्याने स्वतःची थापी पोत्यातून काढली, दोरी ताणली, ओळंबा सोडला आणि पायाचे थर धरायला सुरुवात केली. हात असा चालू लागला की पोरीला माल पुरवणं होईना. संध्याकाळपर्यंत जमिनीच्या वर येऊ, रात्री बत्ती लावून पुढचं करू, असा त्याचा हिशेब होता.

गाड्या दुपारी दोनलाच आल्या. पाहुण्यांतल्या दोघांना उलट्या सुरू झाल्या होत्या, म्हणून ते लवकर निघाले होते.

कुणी ओरडलं नाही. पाहुणे गाडीतून उतरले आणि जिथे भिंत होती तिथे पाहत उभे राहिले. पाया जमिनीच्या हातभर खालीच होता. एक तरुण पोरगी हुंदके देऊन रडायला लागली. एकाने फोन काढून सगळं टिपून घ्यायला सुरुवात केली. खड्डा, कुटारावर मांडलेले पंजे, चिखलाने भरलेला सहदेव. सहदेव वर आला, हात पुसले आणि त्यांच्याकडे पाहून नमस्कार केला. तो अजूनही हसत होता. फोटोत ते हसणं फार वाईट दिसलं.

ललित पाहुण्यांशी घाईघाईने इंग्रजीत बोलू लागला. सहदेवला त्यातलं 'लेबर' समजलं. हाना गुडघ्यावर बसून कुटारावर आपला पंजा शोधत होती. तिला दोन तुकडे सापडले. ते हातात घेऊन ती पौर्णिमाकडे आली आणि तिने हळू, सोप्या शब्दांत विचारलं.

पौर्णिमाच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

"काय विचारते?" सहदेव म्हणाला.

"म्हंते, तुह्या बाबानं तं सांगतलं होतं, भिंत फार छान झाली म्हून. मंग पाडली काहून?"

"म्या कवा सांगतलं? म्या तं..."

तो थांबला. दुपारचं ऊन डोक्यावर होतं. पोरीच्या हाताला चिंधी होती, चिंधीवर रक्त वाळलेलं होतं, आणि ती त्याच्या डोळ्यांत पाहत नव्हती. तेव्हाचे ते दोन शब्द त्याला आठवले. त्याला सगळं कळलं. राग आला. लेकीने त्याच्या तोंडचं त्याचं सत्तावीस वर्षांचं शहाणपण काढून टाकलं होतं. मग त्याला ललितचं बोलणं आठवलं. या लोकांना खोटं खपत नाही. समोर हाना उत्तराची वाट पाहत होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि बाप-लेकीपैकी कुणीतरी एक खोटं ठरणार होतं.

"सांग तिले," सहदेव म्हणाला. "म्हना, माह्या बाबाच्या मनात राग होता. मिस्त्री असून बिगारी केलं म्हून. रागानं पाडली."

"बाबा."

"सांग."

"बाबा, म्या सांगतो त्यायले खरं काय थे..."

"तुही गादी घरी आनायची हाय काय मले?" तो खालच्या आवाजात म्हणाला. "सांग लवकर. जसं बोललो तसं."

पौर्णिमाने सांगितलं. या वेळी तिने एकही शब्द गाळला नाही. हानाने ऐकलं, सहदेवकडे एकदा पाहिलं आणि पौर्णिमाला जवळ ओढून छातीशी धरलं. ती पोरीच्या केसांवरून हात फिरवत काही पुटपुटत राहिली.

खड्ड्यात कौसल्या उभी होती, तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. तिने मुरमाचं ढेकूळ वर, काठावर ठेवलं. "अन् हा मुरूम?" ती म्हणाली. "पाच फूट खाली जाऊन हा बी रागानंच काढला काय?"

ते पाहुण्यांना कुणी सांगितलं नाही.

ललितने दर्यापूरहून दोन मिस्त्री आणले. तयार पाया पाहून ते खूष झाले आणि रविवारी रात्री आणि सोमवारी राबून त्यांनी भिंत उभी केली. पाहुण्यांनी ओल्या गिलाव्यावर पुन्हा पंजे उमटवले. जुने पंजे गाडीरस्त्याच्या खड्ड्यात भर म्हणून गेले. मंगळवारी समारंभ झाला. ज्यांची नावं वाचली त्यांच्या आईवडिलांना स्टेजवर बोलावून शाल देत होते. सहदेवभाऊंनी न आलेलं बरं, असा ललितचा निरोप होता. पौर्णिमाचं नाव तिसरं होतं. कौसल्या एकटीच गेली, शाल घेतली आणि टाळ्या थांबायच्या आत खाली उतरली. सहदेव तेव्हा घराच्या मागे बसून थापीला लागलेलं सिमेंट खरडत होता. टाळ्या त्याला ऐकू आल्या, त्यावरून नाव झालं हे त्याला समजलं.

त्या फोनमधलं चित्र आठ दिवसांत दहा गावं फिरलं. पाहुण्यांची भिंत पाडणारा मिस्त्री. उन्हाळा बांधकामाचा, पण यंदा कुणी त्याला बोलावलं नाही. दोघांनी ठरलेलं कामही फिरवलं. मे महिन्यात तो नांदगाव पेठेला एका शेडच्या कामावर लागला. तिथे कुणी ओळखत नव्हतं, पण मिस्त्री म्हणून घ्यायलाही कुणी ओळखीचं नव्हतं. तिथे तो घमेलीच वाहत होता. थापी घरी खुंटीला होती.

पौर्णिमा अमरावतीच्या नर्सिंग कॉलेजात गेली. श्रावणात एका रविवारी ती घरी आली. आदल्या आठवड्यात नाल्याला पूर येऊन पाणी शाळेच्या आवारात शिरलं होतं. सहदेव नांदगाव पेठेहून आल्या आल्या आधी शाळेकडे गेला होता. भिंतीच्या बुडाशी चिखलाची रेघ होती, भिंत जागची हलली नव्हती. त्याने खिशातून ओळंबा काढून लावून पाहिला आणि कुणी पाहायच्या आत परत ठेवला.

बापलेक अंगणात बसले होते. कौसल्या आत भाकरी टाकत होती. पाहुणे परतले त्या रविवारनंतर दोघांत कामापुरतंच बोलणं होतं. पौर्णिमाच्या फोनवर हानाचा मेसेज आला. दर महिन्याला यायचा. ती मनातच वाचू लागली. तुझे वडील आता रागावत नाहीत ना? घरी जाताना सांभाळून जात जा. त्यांनी कधी त्रास दिला तर मला लगेच लिही. अशा घरातून तू वर आलीस याचा मला फार अभिमान वाटतो. पुढच्या वर्षीची मदत मंजूर झाली आहे.

"त्या बाईचं हाय काय?" सहदेवने विचारलं.

"हाव."

"काय म्हंते?"

पौर्णिमाने फोन मांडीवर पालथा ठेवला. "भिंत कशी हाय, विचारते."

सहदेव सावरून बसला. कित्येक महिन्यांत त्याला हे कुणी विचारलं नव्हतं.

"सांग तिले," तो म्हणाला. "म्हना, पाया मुरमात हाय, पाच फूट. आवंदा नाल्याचं पानी लागलं, तरी केसाएवढी चीर नाही. म्या सोता पाहून आलो, ओळंब्यात हाय. पोरं तिच्या सावलीत जेवतेत. भिंतीवरच्या तुमच्या हाताले काही झालं नाही म्हना. अन् तुमी विचारलं, बरं वाटलं."

पौर्णिमाने फोन उचलला. अक्षरं दिसेनाशी झाली होती, तिने ओढणीने डोळे पुसले. मग अंगठ्याने लिहिलं, बाबा माफी मागतात. आणि पाठवून दिलं.

सहदेव तिच्या अंगठ्याकडे पाहत होता. तो तीन-चारदाच खाली-वर झाला आणि थांबला. पोरगी मान वर करेना. आतून कौसल्येने जेवायला हाक मारली.

"इंग्रजीत कमी शब्द लागते," सहदेवच म्हणाला, आणि गुडघ्यावर हात टेकून उठला.